ओढ्यात धुतलेले कोयनेल

मुक्काम जव्हार, आश्विन शुद्ध चतुर्थी, शके १८३५

राजमान्य राजेश्री व्याहीबुवा लहानूशेट माळवदे, वस्ती कल्याण, यांना केरोबा शिंपी जव्हारकर याचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे असे लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. पाऊस सरत आला, भात पोटरीला आले, शिवणयंत्राला तेल मिळाले आणि आमच्या मंडळींचा माझ्यावरचा राग सध्या बेताचा आहे. आपला खोकला कसा आहे? (डॉक्टरांच्या हाताखाली बसून आपण साऱ्या कल्याणला खोकल्याच्या बाटल्या भरून देता आणि आपल्यालाच खोकला, हे वेणूकडून कळले तेव्हा आधी वाईट वाटले. मग, खोटे कशाला बोलू, थोडे बरेही वाटले.) विहीणबाईंचे पित्त बसले का? जावईबापूंना आशीर्वाद. चि. सौ. वेणू घरात नीट वागते ना? तिची जीभ जरा लांब आहे, ती आमच्या मंडळींकडून आली आहे. हात कामाला चांगले आहेत, ते माझ्याकडून. हे पत्र थोडे लांबणार आहे, तरी पाणी पिऊन बसावे. आणि वाचताना राग आलाच तर तो माझ्यावर काढावा, पोस्टाने काढता येतो. पोरीवर काढू नये, ही पहिली विनंती.

नागपंचमीला वेणू माहेरी आली तेव्हा आपण तिच्याबरोबर कोयनेलच्या गोळ्यांचा डबा पाठवलात, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आता मानतो. डब्यात आपल्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी होती, की जंगलात हिवतापाने माणसे जातात असे सूनबाई सांगतात, तरी या गोळ्या धर्मार्थ वाटाव्या, सकाळी एक, संध्याकाळी एक. वाचून माझा ऊर भरून आला. डबा देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिले आणि एक गोळी जिभेवर ठेवून पाहिली. व्याहीबुवा, मी कडू पुष्कळ चाखले आहे. कडुनिंब चाखला, काडेचिराईत प्यालो, करंजाच्या तेलात बोट बुडवून चाटले (ते मध समजून), पण त्या गोळीने माझे तोंड असे झाले की मंडळी म्हणाल्या, देवाला वेडावून काय दाखवता? मला मात्र फार आनंद झाला. एवढे कडू आहे म्हणजे औषध अस्सल, असे मी धरले. आपल्याला पाळण्यापासून तेच शिकवले आहे ना? पाडव्याला निंब, बाळाला गुटी, तापात काढा. तोंड जितके वाकडे होईल तितका गुण यायचा, अशी आपली समजूत. ती समजूत कुणी तपासली नाही. मीही नाही.

आता ढवळू कोण ते सांगतो. दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीच्या काठाने एक पाडा आहे, तिथला तो. माझ्यापेक्षा थोडा लहान. भात, नागली पिकवतो आणि बाजाराच्या दिवशी लाकडाची मोळी घेऊन जव्हारात येतो. मोळी विकली की माझ्या ओट्यावर बसतो. मी त्याची बंडी शिवतो, तो मला रानाच्या बातम्या देतो. आमच्या दोघांत तंबाखूची एकच पिशवी आहे (मी शिवलेली, तो रिकामी करतो ती). या माणसाचे कान म्हणजे काय सांगू! माझ्या यंत्राची सुई मोडायच्या आधी तो म्हणायचा, शिंपीबाबा, हिचा आवाज बदलला, थांब. मी थांबत नसे आणि सुई मोडत असे. नागली पिकायला आली की रानडुकरे येतात. तेव्हा पाड्यातले सगळे ढवळूच्या भरवशावर निजत. हा शेतातल्या माळ्यावर बसून झाडीत डुक्कर हुंगते आहे की साळिंदर, ते सांगायचा. त्या कानांच्या जिवावर अख्ख्या पाड्याची नागली घरी येत असे, असे म्हटले तर ढवळूला आवडेल आणि खोटेही होणार नाही.

त्याची बायको पोशी. तिची बोली मला कागदावर उतरवता येत नाही, कारण तिच्यातल्या शिव्या काढल्या तर उरते ते कमी पडते आणि ठेवल्या तर पोस्टमास्तर पत्र घेणार नाहीत. पोशी सगळ्या जगाला अरे-तुरे करते, मलाही, आणि देवालाही. लग्न झाल्या दिवसापासून नवराबायको भांडत आली आहेत. पण त्या भांडणाला एक ताल होता. ती एक बोलायची, तो जमिनीकडे बघत हळूच असे काही म्हणायचा की तिला हसू यायचे, मग हसू आल्याचा राग यायचा आणि पुन्हा ती सुरू. माझ्या ओट्यावर हे चालू असे तेव्हा गिऱ्हाइके माप द्यायचे विसरून उभी राहत.

भाद्रपद लागला आणि ढवळूला हिव भरले. एकाआड एक दिवस येणारा तो जुना ताप. नदीला पाणी फार, आजाऱ्याला जव्हारच्या दवाखान्यापर्यंत आणणे शक्य नव्हते, म्हणून पोशीच एकटी दोरखंडाला धरून पलीकडून आली आणि माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, तुझा दोस्त मरतोय, काय देणार ते दे. मी लगेच आपला डबा काढला. गोळ्या मोजून मलमलीच्या तुकड्यात बांधल्या (चांगली मलमल, दरबारी अंगरख्याची कातरण) आणि तिला समजावले. उपाशीपोटी देऊ नको. पाण्याबरोबर दे. चावू देऊ नको. ताप नसेल त्या दिवशीही दे. सूर्य उगवताना एक, मावळताना एक. मी स्वतः शिकलेला माणूस, त्यामुळे शिकवण्याची हौस मला मास्तरांपेक्षा जास्त. पोशीने सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, कडू हाय? मी छाती फुगवून सांगितले, असे कडू तू जन्मात चाखले नसशील! तिने गंभीरपणे मान हलवली, पुरचुडी कमरेला खोचली आणि गेली. तिने मान हलवली ती कशासाठी, हे मला विचारावेसे वाटले नाही. वाटले, बाईला औषधाची पारख आहे.

ताप हटला नाही. त्याच्या पाळीला तो आला, आणि पुढच्या पाळीलाही. पोशीचा निरोप आला, त्यात माझ्या औषधाला एक विशेषण होते. मी घाबरून आपल्याला पत्र टाकले. आपण उलट टपाली उत्तर दिलेत. ते मी जपून ठेवले आहे, म्हणून आपलेच शब्द लिहितो: 'ही रानातली माणसे रेड्याच्या हाडापेराची. आपल्यासारख्यांच्या मात्रेने त्यांना काय व्हायचे? बेधडक दुप्पट द्यावी.' व्याहीबुवा, मला ते वाचून इतके बरे वाटले! मोठ्या गावचा, औषधांत वावरणारा माणूस बेधडक म्हणतो, म्हणजे धडकायचे कारणच उरले नाही. मी पोशीला दुप्पट गोळ्या पाठवल्या. ताप पुन्हा आला. मी दुकान बंद केले, नदी उतरल्याचे कळले होते, आणि काठी घेऊन पाड्यावर गेलो. (मंडळी म्हणाल्या, तुम्ही जाऊन काय शिवणार आहात तिथे?)

पोचलो तेव्हा ढवळूला हिव भरून आले होते. घरातल्या सगळ्या घोंगड्या त्याच्यावर, त्यांच्यावर पोशीची दोन लुगडी, आणि त्या सगळ्या ढिगाखाली माझा मित्र यंत्रासारखा हलत होता. मग तापाने भाजून निघाला, मग घामाने निथळला, मग डोळे उघडून मला ओळखून हसला आणि तंबाखू मागितली. अंगावर मांस नव्हते. डोळे पिवळे. मी शिवलेली बंडी त्याला दोन माणसांची वाटत होती. मला त्या घटकेला कळले की आणखी थोड्या पाळ्या आल्या तर हा जातो.

पोशीने मला फैलावर घेतले. मी म्हणालो, गोळी दाखव. तिने पुरचुडी सोडून पुढे केली. आत गोळ्या नव्हत्या, पांढरा लगदा होता. मी बोटावर घेऊन चाटला. कडू नाही! गोड नाही, आंबट नाही, कापडावर खुणा करायच्या खडूसारखा मचूळ. व्याहीबुवा, आता सांगायला हरकत नाही, त्या जागी बसून मी मनातल्या मनात आपल्या सात पिढ्यांचे कपडे उतरवले. शिंप्याने उतरवले म्हणजे शिवणी उसवून उतरवले. मला वाटले, वरच्या थरात खऱ्या गोळ्या आणि खाली खडूच्या, असा डबा आपण व्याह्याच्या गळ्यात घातलात. मी चिडून पोशीला म्हटले, याच्यात कडूपणा कुठे आहे? त्यावर ती माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मीच तापात आहे. म्हणाली, 'शिंपीबाबा, कडू हाय तं काढाया नको? कडू ठेवून कोन देल आजाऱ्याला?' आणि मला हाताला धरून ओढ्यावर घेऊन गेली.

ओढ्याच्या धारेत दगडाखाली दाबून एक टोपली ठेवलेली होती. टोपलीत कडूकंदाच्या चकत्या, आणि चकत्यांच्या शेजारी माझी मलमलीची दुसरी पुरचुडी.

कडूकंद आपल्याकडे कल्याणास कोणी खात नाही, म्हणून सांगतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की ही माणसे रानातून तो कंद खणून आणतात. तसाच खाल्ला तर तोंड पोळते, वांत्या होतात, डोके गरगरते, पोर असेल तर दगावते. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, आणि टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. सकाळी एक चकती जिभेला लावायची. कडू लागली तर टोपली पुन्हा पाण्यात. कडूपणा संपूर्ण गेला की मगच घरात. हे त्यांना कोणी लिहून दिलेले नाही. पोशीची आई असे करी, तिची आई असे करी, आणि ज्या कोणी केले नाही तिची लेक सांगायला उरली नाही. त्या घरात कडू म्हणजे जिभेवर उभा राहून आत जाऊ नको म्हणणारा पहारेकरी. आणि मी त्याच घरात, असे कडू तू चाखले नसशील, अशी शिफारस करून औषध पाठवले होते! तिने पहिल्या खेपेला गोळ्या नुसत्या धारेत ठेवल्या. दुसऱ्या खेपेला, गुण येत नाही म्हणून, राखेत उकडूनही घेतल्या. दुप्पट गोळ्या म्हणून दुप्पट राख. आपल्या नवऱ्यासाठी त्या बाईने एवढी मेहनत केली की कोयनेलचा कण उरू दिला नाही. ओढ्यातल्या खेकड्यांना मात्र यंदा हिवताप येणार नाही.

मी तिला म्हणालो, अग, हे कडू तेच औषध! ते धुतलेस तर उरले काय? ती म्हणाली, मग विष कोणते? मी म्हणालो, विष नाहीच. ती म्हणाली, इतके कडू नि विष नाही, हे तुला कोणी सांगितले? मी म्हणालो, कल्याणच्या व्याह्याने. ती म्हणाली, त्याने खाल्लेय का कधी? (याचे उत्तर आपल्याकडे असल्यास कळवावे.) आम्ही दोघे ओढ्याच्या काठावर चिखलात उभे राहून असे भांडलो की वर झोपडीतून ढवळू क्षीण आवाजात ओरडला, मी अजून मेलो नाय, दहाव्याचं भांडण आता कशाला? एवढे लांबून त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

शेवटी पोशी हरली. हरली म्हणजे तिने माझ्या हातात सगळे सोपवले, आणि इथेच आपली गंमत संपते. मी पाड्यावर मुक्काम ठोकला. सकाळ-संध्याकाळ माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या हाताने, न धुतलेल्या गोळ्या त्याच्या घशात घातल्या. किती घातल्या? दुप्पट. आपले बेधडक पत्र माझ्या खिशात होते ना! व्याहीबुवा, मी आयुष्यभर मापे घेत आलो. धुतल्यावर कापड आटते म्हणून वीतभर जास्त घेतलेले माप, कापड धुतलेलेच नाही असे कळल्यावर पुन्हा कमी करायचे, हे माझ्या दुकानातल्या यंत्रालाही समजते. दुप्पट ही कशाची दुप्पट होती? ओढ्यात वाहून गेलेल्या मात्रेची. शून्याची दुप्पट करून आपण दोघे हुशार ठरलो आणि तो आकडा मी एका हाडाच्या सापळ्यावर चढवला. पोशीने एकदा विचारलेही, आता तं कडू हाय, मग कमी नको? मी तिला म्हणालो, तू गप्प बस, तुझ्या शहाणपणानेच हे झाले आहे.

तापाची पाळी आली आणि ढवळूला हिव भरले नाही. पुढची पाळी गेली, तीही कोरडी. पाड्यावर आनंद झाला, देवाला कोंबडा दिला, मला मोहाची पाजली (हे मंडळींना कळवू नये). ढवळू उठून बसला, सगळ्यांकडे बघून हसू लागला आणि म्हणाला, घरात रातकिडे फार झालेत, आधी त्यांना हाकला. कोणालाच रातकिडे ऐकू येईनात. पण आजाऱ्याची इच्छा! पोशीने कूड झाडले, गवत उपसले, चुलीत ओली लाकडे घालून असा धूर केला की रातकिडे असते तर खोकत बाहेर आले असते. आम्ही सगळे डोळे पुसत अंगणात उभे. ढवळू आत बसून म्हणतो, अजून आहेत, वाढले. पोशी धुरात शिरून ओरडली, कुठं हायत, दाखव! तो तिच्याकडे बघून हसला. ती पुन्हा ओरडली. तो पुन्हा हसला. तिसऱ्यांदा ती ओरडली नाही. त्याच्या पाठीमागे गेली आणि पितळी जमिनीवर आपटली. अंगणातली कुत्री पळाली. ढवळू तसाच समोर बघत हसत होता.

रातकिडे त्याच्या कानांत होते. गोळ्या थांबवल्या तसे ते हळूहळू गप्प झाले, आणि बाकीचे सगळे जगही.

जव्हारला येऊन मी दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पायांवर डोके ठेवले. सज्जन माणूस, रागावले, पण मग समोर बसवून घेतले. त्यांनी मला जे समजावले ते मी माझ्या भाषेत लिहितो. आपण औषधांतले, आपल्याला ते ठाऊकच असणार. हिवतापाचे बी रक्तात असते, कोयनेल रक्तात उतरून ते मारते. पण रक्त काही त्या बियाकडेच जात नाही, ते सगळीकडे जाते, काळजात, डोळ्यांत, कानांत. मारायचे कोणते आणि राखायचे कोणते हे कोयनेलला कळत नाही, ते देणाऱ्याने ठरवायचे असते आणि ठरवायची जागा म्हणजे मात्रा. कानाच्या आत फार नाजूक काही असते, तिथे कोयनेल जास्त झाले की आधी घंटा वाजतात, मग बहिरेपण येते. घंटा वाजल्या तेव्हाच थांबायचे असते. मी विचारले, डॉक्टरसाहेब, मग हे औषध की विष? ते म्हणाले, केरोबा, ते दोन डबे नसतात. पोशीने हेच ओढ्यावर विचारले होते. तिला मी गप्प बस म्हणालो, आणि डॉक्टरांना मात्र वा म्हणालो. कान येतात का परत, असे मी पुढे विचारले. ते म्हणाले, पुष्कळांचे येतात, वाट बघावी.

आम्ही वाट बघतो आहोत. ढवळूच्या अंगावर मांस धरू लागले आहे, चेहरा उजळला आहे, आणि बाजाराच्या दिवशी तो पूर्वीसारखा माझ्या ओट्यावर येऊन बसतो. परवा यंत्राची सुई मोडली. मोडल्यावर मी त्याच्याकडे पाहिले, तो रस्त्यावरची गंमत बघत होता. नागली पिकायला आली म्हणून, नको म्हणत असताना, तो माळ्यावर गेला. सवयीने पाडा बिनघोर निजला. सकाळी कडेची सगळी नागली डुकरांनी लोळवलेली, आणि माळ्यावर ढवळू पहारा केल्याच्या समाधानात. लोकांनी त्याला शिव्या दिल्या. त्याला वाटले कौतुक करतात, म्हणून त्याने हात जोडले. तेव्हापासून पाड्यातले कोणी त्याला काही बोलत नाही. बोलून उपयोग नाही हे एक, आणि त्या हात जोडण्याने सगळ्यांचीच वाचा बसली हे दुसरे.

पोशीचे काय झाले ते लिहितो आणि संपवतो. ती भांडायची थांबली आहे. माझ्या ओट्यावर त्याच्या शेजारी बसते, तंबाखू मळून देते. गिऱ्हाइकांना आश्चर्य वाटते की हिला एवढे शहाणपण कुठून आले. मी एकदा तिला म्हणालो, पोशी, बोल ग काहीतरी. ती म्हणाली, 'काय बोलू? मी बोलतां नी ह्यो हसतं. पयले मी बोलायची नी मना हसवायचा. आता नुसता हसतं, येड्यावानी. भांडू तरी कोनासंगे?' इतक्या वर्षांत ती माझ्याशी प्रथमच हळू आवाजात काही बोलली. मला ते ऐकवेना.

असो. आपल्याबद्दल माझ्या मनात तिळाइतकेही किल्मिष नाही. आपण धर्मबुद्धीने डबा पाठवलात, मी प्रेमाने वाटला, पोशीने जिवापाड काळजी घेतली, डॉक्टरांनी खरे ते सांगितले. इतक्या चांगल्या माणसांच्या तावडीतून ढवळू जिवंत सुटला हेच पुष्कळ. उरलेला डबा दवाखान्यात जमा केला आहे. आपली रेड्याची उपमा डॉक्टरांना वाचून दाखवली, त्यांनी रेड्याला किती कोयनेल चालते हे आपल्याला माहीत आहे का असे विचारले आहे. विहीणबाईंना नमस्कार. लोभ आहे तो कमी करू नये, वाढवायला मी सांगत नाही.

आपला व्याही,
केरोबा पतंगे शिंपी

ता. क. वेणूला ढवळूचे काही सांगू नये. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन तो शिरपामाळावर करवंदांना नेत असे. तिला वाटते तो बरा झाला. तो बरा झालाच आहे, एवढेच सांगावे.

ता. क. दुसरा. वर वेणूला सांगू नका लिहिले ते जमण्यासारखे नाही, हे आता लक्षात आले. कारण पोस्टात टाकायचे म्हणून लिहायला घेतलेले हे पत्र आता पोस्टाने येत नाही. हे आपल्या हातात देऊन जो अंगणात हसत उभा आहे तो ढवळू, आणि त्याच्या मागे जी हसत नाही ती पोशी. खोडाळ्यावरून कसाऱ्याला चालत जाऊन आगगाडीने येतील. आगगाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही, ढवळूला तिची शिटी ऐकू येणार नाही एवढाच फायदा. आपल्या डॉक्टरांकडून, नाहीतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कानांचे डॉक्टर असतात म्हणतात त्यांच्याकडून, त्याचे कान तपासून घ्यावे. तोवर दोघांना ओटीवर जागा द्यावी. जेवायला काही लागत नाही, भाकरी आणि मिरची. ढवळूशी ओरडून बोलू नये, त्याला ऐकू येत नाही आणि पोशीला येते.

ता. क. तिसरा, आणि हा पोशीसमोर मोठ्याने वाचू नये. डॉक्टरांनी वाट बघा म्हटले ते पहिल्या खेपेला. गेल्या बाजारी त्यांनी ढवळूला पुन्हा तपासले, कानामागे घंटा वाजवली, कानात नळी घालून पाहिले आणि मला बाजूला घेऊन सांगितले की, केरोबा, आता याची आशा धरू नका. पोशी बाहेर ओट्यावर बसली होती. तिने विचारले, काय म्हनतो डागदर? मी म्हणालो, कल्याणला औषध आहे म्हणतात. व्याहीबुवा, मला दुसरे काही सुचले नाही. तेव्हा तिथले डॉक्टरही तेच म्हणाले तर ते पोशीला सांगायचे काम मी आपल्यावर सोपवतो, ही माझी खरी विनंती. माझ्याने होत नाही. ती रडणार नाही. ती एवढेच विचारील की दुप्पट द्यायला कोणी सांगितले होते. तेव्हा माझे नाव बेधडक घ्यावे. आपले मी तिच्यापुढे आधीच घेऊन ठेवले आहे.